लहान रस्त्यांचा मान

इटलीची यात्रा करून परतलेल्या आपल्या बांधवांच्या तोंडी रोमची महामंदिरे आणि असिसीची समाधी यांच्या जोडीने आणखी एक वर्णन हमखास असते, ते तिथल्या ग्रामीण भागाचे. द्राक्षमळ्यांमधून जाणारे अरुंद रस्ते, टेकडीवरचे दगडी गाव, वळणावरचे छोटेसे प्रार्थनामंदिर आणि दिवसाकाठी एक टप्पा गाठत या सगळ्यामधून सावकाश जाणारे सायकलस्वार. वर्णन संपता संपता एक सुस्काराही ठरलेला असतो : "आपल्याकडे असे काही नाही." या वाक्याला आमचा विरोध आहे. ते केवळ अज्ञानातून आले असते तर क्षम्य ठरले असते; परंतु आता ते आमच्या सुशिक्षितांचे ठाम मत आणि आमच्या विकासाच्या आराखड्यांचे न बोललेले गृहीतक होऊन बसले आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

प्रथम इटलीचेच पाहू. कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक हे इ. स. ९९० मध्ये पोपमहोदयांकडून अधिकारवस्त्र स्वीकारण्यासाठी रोमला गेले आणि परतीच्या वाटेवरील ७९ मुक्कामांची नोंद त्यांच्या नावे मागे राहिली. ती यादी म्हणजे गावांची नावे, दुसरे काही नाही. पुढे शतकानुशतके हा यात्रामार्ग जवळजवळ विस्मृतीत गेला होता. १९९४ मध्ये युरोपीय परिषदेने त्याला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली आणि आज 'व्हिया फ्रान्चिजेना' या नावाने तो पुन्हा वाहता झाला आहे. आल्प्समधील सेंट बर्नार्ड घाटापासून रोमपर्यंत सुमारे एक हजार किलोमीटरची ही वाट लोक पायी कापतात, सायकलीने कापतात. वाटेत मठ, चर्चची वसतिगृहे आणि सामान्य घरे त्यांना रात्रीपुरता आसरा देतात. यात्रेकरूच्या पत्रिकेवर मुक्कामोमुक्कामी शिक्का उमटतो.

दुसरे उदाहरण तस्कनी प्रांतातले. तिथले खडीमातीचे पांढुरके रस्ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा जानकार्लो ब्रोची या गृहस्थांनी १९९७ मध्ये गायोले नावाच्या लहानशा गावातून जुन्या सायकलींची एक फेरी काढली. पहिल्या वर्षी शंभर माणसेसुद्धा नव्हती. तिचे नाव 'लेरॉइका'. या फेरीमुळे त्या कच्च्या रस्त्यांना प्रतिष्ठा आली आणि प्रतिष्ठा आली म्हणून ते वाचले. आज सुमारे दोनशे किलोमीटरचा तो मार्ग कायमस्वरूपी पाट्यांनी दर्शविलेला आहे आणि २००७ पासून व्यावसायिक सायकलपटूंची एक नामांकित शर्यत त्याच पांढऱ्या रस्त्यांच्या नावाने भरते.

आता आमचा प्रश्न असा की, या दोन्ही गोष्टींमध्ये निसर्गाचे देणे किती आणि माणसाचा निर्णय किती? टेकड्या आणि द्राक्षवेली देवाने दिल्या हे खरे. परंतु विसरलेली वाट शोधून काढणे, तिच्यावर दर फाट्याला एक लहान पाटी लावणे, गावातल्या एका घराने दार उघडे ठेवणे, डांबराची घाई न करणे, यांतले एकही काम निसर्गाने केलेले नाही. या कामांना फार पैसाही लागत नाही. लागते ती लहान रस्त्याविषयीची आदरबुद्धी. आमच्याकडे नेमकी तीच नाही, आणि "आपल्याकडे असे काही नाही" या वाक्याचा खरा अर्थ एवढाच आहे.

आमचे म्हणणे हवेत राहू नये म्हणून आम्ही मुद्दाम जालना जिल्हा घेतो. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला हा मराठवाड्यातील जिल्हा पर्यटनाच्या कोणत्याही चकचकीत पुस्तिकेत पहिल्या पानावर नसतो. अजिंठा-वेरुळला येणारा प्रवासी त्याच्या कडेने निघून जातो. जालना म्हटले की बियाणे, पोलाद, मोसंबी आणि दुष्काळ एवढेच लोकांना आठवते. मग या जिल्ह्याचा आणि इटलीचा संबंध काय?

संबंध जुना आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली उत्खनन चालू असताना हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढे १९७०च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे उत्खनन केले, तेव्हा त्याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग तिथे मिळाला. पाँपेईची मूर्ती याच भागातून गेली असावी, असे मत काही संशोधकांनी त्यावरून मांडले. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठानहून उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे नगर. सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे रहिवासी होते आणि तसे शिलालेखच आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या रस्त्याने या नगराचा इटलीशी धागा जुळला, त्या रस्त्यावर आज एक साधी पाटीदेखील लावावीशी आम्हांला वाटू नये, हे दारिद्र्य पैशाचे म्हणावे की दृष्टीचे?

दुसरे स्थळ असईचे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात आर्थर वेलस्ली यांच्या सैन्याची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली. वाटाड्यांनी नदीला उतार नाही असे सांगितले होते. परंतु दोन तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून वेलस्लींनी तर्क केला की, एवढी जवळची गावे एकमेकांकडे ये-जा केल्यावाचून राहणार नाहीत, तेव्हा उतार असलाच पाहिजे. तो होता. त्या खेडुतांच्या पायवाटेने फौज पलीकडे गेली आणि हिंदुस्थानच्या इतिहासाला वळण मिळाले. इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. शिंदे-भोसल्यांची हानी त्याहून पुष्कळ मोठी होती. दोन्हीकडचे बहुसंख्य शिपाई याच देशाचे होते. ही लढाई कशी जिंकली गेली हे मोटारीच्या काचेतून कधीही समजणार नाही. त्यासाठी त्या नदीकाठाने, त्या दोन गावांच्या मधून, चाकाच्या किंवा पावलाच्या गतीनेच जावे लागेल.

काहीजण म्हणतील, असई हा आपला पराभव. त्याचे कौतुक कशाला? त्यांना आम्ही पुन्हा इटलीकडेच नेतो. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इटलीच्या भूमीवर लढले. त्यांपैकी यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातील तरुण नाईक १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. नामदेव जाधव या अहमदनगर जिल्ह्यातील शिपायाने ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर असामान्य शौर्य गाजवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि २०२३ च्या जुलैमध्ये उंब्रिया प्रांतातील मोन्तोने या लहानशा गावात घाडगे यांच्या नावाचे एक स्मारक उभे राहिले. तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. ज्या गावाशी त्यांचे नाते रक्ताचे नव्हते, धर्माचे नव्हते, भाषेचे नव्हते, त्या गावाने एका मराठी शेतकऱ्याच्या मुलाची आठवण दगडात जपली. असईला पडलेल्या शिपायांची नावे तर आपल्या हाती फारशी उरलीही नाहीत. निदान ती जमीन पायाखालून घालून त्यांचे स्मरण करण्याइतके तरी आपण त्यांचे देणे लागतो. स्मरणाला जय-पराजयाची अट नसते.

मग मार्ग कसा असावा? आमच्यापुढे सहा टप्प्यांची आखणी आहे. जालना शहरातून, कुंडलिकेच्या काठावरून निघून पहिल्या दिवशी राजूरमार्गे भोकरदन. अंगारकी चतुर्थीला हजारो भाविक राजूरच्या गणपतीला पायी जातात. म्हणजे या टप्प्याची यात्रापरंपरा आधीच सिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी भोकरदनहून अन्वा येथील नक्षीदार खांबांचे मध्ययुगीन मंदिर पाहून परत, आणि संध्याकाळी केळणेच्या काठची लेणी. तिसऱ्या दिवशी असईच्या रणभूमीवरून जाफराबाद. चौथ्या दिवशी दक्षिणेकडे वळून पुन्हा जालना. पाचव्या दिवशी अंबड आणि मत्स्योदरी देवीची टेकडी. सहाव्या दिवशी घनसावंगीवरून जांब समर्थ, जिथे १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्यापासून गोदावरीच्या पट्ट्यापर्यंत एका जिल्ह्याचा उभा छेद या सहा दिवसांत पायडल मारीत पाहता येतो. वाटेत पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार आहे, मोसंबीच्या बागा आहेत, तुती लावून रेशीमकिडे जोपासणारी घरे आहेत. पाहणाऱ्याला डोळे मात्र हवेत.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप हवामानाचा. मराठवाड्याच्या उन्हात सायकल चालवणार कोण? एप्रिल-मेमध्ये कोणी चालवू नये, हेच त्याचे उत्तर. आल्प्सच्या घाटातही हिवाळ्यात कोणी चालवीत नाही. ऑक्टोबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत जालन्याची सकाळ जितकी आल्हाददायक असते तितकी फार थोड्या ठिकाणी असेल. त्या दिवसांत ज्वारी-हरभऱ्याने शिवार भरलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : "तस्कनीच्या हौशी लोकांना कच्चा रस्ता प्यारा; पण आमच्या शेतकऱ्याने तुमच्या पर्यटकासाठी चिखलात राहायचे काय?" मुळीच नाही. तस्कनीची पांढरी खडी आणि जालन्याची काळी चिकण माती यांत अंतर आहे, हे आम्ही जाणतो. पहिल्या दोन पावसांतच काळी माती चाकाला अशी लपेटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, बैलगाडी आसापर्यंत रुतते. म्हणून तस्कनीची नक्कल येथे उपयोगाची नाही. येथे मुरूम हवा, खडी हवी, कडेला पाणी जायला चर हवा. परंतु कोणत्या रस्त्याला? प्रत्येक गावाच्या नकाशावर शिवरस्ते आणि पाणंद रस्ते आखलेले आहेत. शेताला शेत जोडणारे, गावाला गाव जोडणारे हे जुने मार्ग. त्यांपैकी कितीतरी आज बांधावरच्या नांगराने खाल्ले आहेत, काटेरी झुडपांनी बुजवले आहेत आणि भाऊबंदकीच्या तंट्यांत अडकले आहेत. शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, म्हणजे गरज शासनालाही मान्य आहे. ही पाणंद हीच आमची तस्कनीची वाट. ती मोकळी झाली तर पहिला लाभ शेतकऱ्याच्या मालाला, दुसरा शाळकरी मुलांना आणि तिसरा, उरलाच तर, सायकलस्वार पाहुण्याला. हा क्रम आम्ही जाणूनबुजून लावला आहे आणि तो उलटू देता कामा नये.

शाळकरी मुलांचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. सायकलमार्ग म्हटले की आमच्या नेतेमंडळींच्या डोळ्यांपुढे शिरस्त्राण घातलेला परदेशी पाहुणा उभा राहतो. पण जालना जिल्ह्यात आजही रोज सायकलीवर बसणारी व्यक्ती कोण आहे? मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात आणि जालना जिल्हा त्या कार्यक्रमात आहे. म्हणजे सायकल शासनाने दिली. ती चालवायला सुरक्षित रस्ता मात्र दिला नाही. ट्रक आणि ऊसाच्या ट्रॉल्यांच्या मधून, खड्डे चुकवत, ती मुलगी शाळा गाठते. या आखणीतला प्रत्येक टप्पा तिच्या शाळेवरून गेला पाहिजे. ज्या रस्त्यावर चौदा वर्षांची मुलगी निर्धास्त सायकल चालवू शकते, तो रस्ता कोणत्याही पाहुण्याला पुरेसा आहे. ज्या रस्त्यावर ती चालवू शकत नाही, त्याला सायकलमार्ग म्हणणे ही शुद्ध फसवणूक होईल.

तिसरा आक्षेप विकासवाद्यांचा : "आता महामार्गाचे युग आहे, सायकलीचे काय घेऊन बसलात?" मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा; ५ जून २०२५ रोजी तो पूर्णपणे खुला झाला. तो जालना जिल्ह्यातूनच जातो. त्याच्या उपयुक्ततेविषयी आमची तक्रार नाही. आजाऱ्याला आणि नाशिवंत मालाला वेग हवाच. परंतु त्या महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. ज्या गावांच्या जमिनींतून तो गेला, त्या गावांतील बहुतेक माणसे त्यावर पाऊलही ठेवू शकत नाहीत. मोठ्या रस्त्याला हजारो कोटी आणि लहान रस्त्याला मुरमाच्या चार गाड्यासुद्धा नाहीत, या हिशेबाला विकास म्हणण्यास आम्ही तयार नाही.

आणखी एक सावधगिरीचा शब्द. सायकलीचे नाव निघाले की शर्यतीचे वेड लागण्याचा संभव असतो. इटलीची 'जिरो' ही शर्यत १९०९ मध्ये एका वृत्तपत्राने सुरू केली. आठ टप्पे, २,४४८ किलोमीटर. १२७ जण निघाले आणि ४९ जणांनी ती पुरी केली. तिने इटलीला इटली दाखवली, हे ऋण मोठे आहे. आपल्याकडेही पुणे जिल्ह्याने जानेवारी २०२६ साठी 'पुणे ग्रँड टूर' ही चार टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत आखली. अशा शर्यतींचे आम्ही स्वागतच करतो. तथापि शर्यत येते आणि जाते. तिच्यासाठी गुळगुळीत केलेला रस्ता पुढच्या पावसाळ्यानंतर कोण पाहतो? मार्ग ही बारमाही गोष्ट आहे. त्याला निशाण दाखवणारा मंत्री लागत नाही. दर पावसाळ्यानंतर चर साफ करणारा गावकरी लागतो.

आणि आमचा पर्यटनविकास म्हणजे तरी काय असतो? प्रवेशद्वारी काँक्रीटची कमान, तिच्यावर नेत्यांची नावे, आत वाहनतळ, फरशी आणि रंगवलेले कठडे. ऐतिहासिक वास्तूपेक्षा तिची कमान उंच करण्यात आमचा हात कोणी धरू शकणार नाही. सायकलने येणाऱ्याला यांपैकी काहीच लागत नाही. त्याला पिण्याचे स्वच्छ पाणी, सावली, स्वच्छतागृह, पंक्चर काढणारे एक दुकान, रात्रीला अंथरूण आणि ताटात भाकरी-पिठले लागते. हे सारे देणारी माणसे गावात आहेत, आणि त्याचा मोबदलाही गावातच राहतो. कमानीचा मोबदला कुठे जातो, हे वाचकांस सांगणे नलगे.

शेवटी आमच्या स्वतःच्या समाजाविषयी. या मार्गावर गणपती आहे, देवी आहे, समर्थांचे जन्मस्थान आहे, जालन्याचा जुना किल्ला आहे. आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेले बेथेल हे ख्रिस्ती गावही जालन्याजवळच आहे. मुसलमान राज्याच्या दिवाणाने जमीन द्यावी, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूने तिथे नवख्रिस्ती शेतकऱ्यांचे गाव वसवावे, हा इतिहास आज कोणाला सांगायला गेले तर खरा वाटणार नाही. रस्ता मात्र तो सांगू शकतो, कारण रस्ता सर्वांच्या दारावरून जातो. ज्यांना इतिहासाचे आपापले तुकडे वेगळे करून घरी न्यायचे आहेत, त्यांना असा मार्ग रुचणार नाही. म्हणूनच तो हवा.

आमच्या धर्मपरंपरेलाही सायकल परकी नाही. कोमो सरोवराजवळच्या गिझालो टेकडीवरील मरियामातेला पोप बारावे पायस यांनी १९४९ मध्ये सायकलस्वारांची आश्रयदात्री घोषित केले. आणि जीनो बार्ताली या श्रद्धावंत कॅथलिक सायकलपटूने १९४३-४४ च्या काळात सरावाच्या मिषाने फ्लॉरेन्स-असिसी रस्त्यावर फेऱ्या केल्या, त्या सायकलीच्या पोकळ नळीत छळग्रस्त यहुद्यांना वाचवणारी बनावट ओळखपत्रे दडवून. हयातीत त्याने याचा डांगोरा पिटला नाही. इस्रायलने २०१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, त्याचा गौरव केला. असिसीला जाणारे आमचे यात्रेकरू संत फ्रान्सिसच्या समाधीपुढे नतमस्तक होतात ते योग्यच. त्या समाधीकडे जाणारा रस्ताही कधीकाळी माणुसकीच्या कामी आला होता, हेही त्यांनी ध्यानी घ्यावे.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. जिल्हा प्रशासनाने या सहा टप्प्यांवरील गावांच्या नकाशांतले शिवरस्ते मोजून मोकळे करावेत. ग्रामपंचायतींनी फाट्याफाट्याला मराठीत एक पाटी लावावी; तीवर गावाचे नाव, पुढच्या गावाचे अंतर आणि त्या जागेचा दोन ओळींत इतिहास असावा. शाळांनी तो इतिहास आपल्या मुलांकडून गोळा करून घ्यावा. मंदिरांच्या धर्मशाळांनी आणि आमच्या मिशन केंद्रांनी दोन खोल्या वाटसरूंसाठी राखाव्यात. आणि आम्ही जे दरवर्षी इटलीच्या यात्रा आखतो, त्या आम्ही येत्या हिवाळ्यात एकदा जालन्याच्या स्थानकावर उतरावे, भाड्याने सायकली घ्याव्यात आणि भोकरदनचा रस्ता विचारावा. तो सांगणारा कोणी ना कोणी भेटेलच.